नवीन बांधकामांवर उद्यान शुल्क: घरामागे घ्यावं, जमिनीवर घ्यावं, की घेऊच नये?

जुळेकर

मंडळी, माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही तुमचं लिहा. सोलापुरात नवीन इमारत बांधणाऱ्याकडून दर सदनिकेमागे उद्यान शुल्क घ्यावं आणि तो पैसा त्याच भागातल्या बागेवर खर्च व्हावा.

एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यानुसार ४००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट टाकला तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पण हे १० टक्के जमिनीवर मोजतात, राहणाऱ्या माणसांवर नाही. ४००० चौ.मी. वर २५ बंगले झाले तर साधारण शंभर माणसं आणि त्यांना ४०० चौ.मी. मोकळी जागा. तिथंच शंभर सदनिका झाल्या तर चारशे माणसं, आणि जागा तेवढीच ४००. म्हणजे माणशी ४ वरून १ चौ.मी. वर आलो. केंद्राची नगर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं शहरात माणशी १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा धरतात.

सोलापूरचा हिशोबही करून बघितला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८. माणशी १० चौ.मी. धरले तर साधारण ९५० हेक्टर होतात. महापालिकेचं क्षेत्र १७८.५७ चौ. किमी. म्हणजे शहराच्या साधारण सव्वापाच टक्के जागा. एवढं अवाक्याबाहेरचं नाही हे.

घरं वाढतात त्या प्रमाणात बागा वाढाव्यात, एवढीच मागणी आहे.

कडकभाकरी

मालक, वाचूलालोय. मुद्दा बराबर हाय. पण शुल्क घेतलं की बाग होते हे कुणी सांगितलं तुम्हाला?

शेळगीची अक्का

कडकभाकरी यांच्याशी सहमत. आमच्या कॉलनीच्या लेआउटमध्ये ओपन स्पेस आहे. कागदावर हिरव्या रंगात रंगवलेली आहे. प्रत्यक्षात काय आहे ते सांगते. एका बाजूची तारेची जाळी कापून नेलेली, आत कमरेएवढं गाजर गवत, कोपऱ्यात सुबाभूळ माजलेली. एक घसरगुंडी आहे, तिचा पत्रा खालच्या टोकाला फाटून वर आलाय, त्यामुळं आम्हीच तिला दोरी बांधून ठेवलीय की पोरं चढू नयेत. बोअर मारलेला आहे, मोटार नाही. सिमेंटचे बाक मात्र नवेकोरे आहेत, पाठीवर नावं आहेत.

इथं पैसा आलाच नव्हता असं नाही. बाकांना आला, बोअरला आला. पाणी घालायला माणूस ठेवायला आला नाही. म्हणून म्हणते, शुल्क घ्या, पण ते कशावर खर्च करायचं हे आधी लिहून ठेवा.

विटावाळू

मी बांधकाम व्यवसायात आहे, त्यामुळं माझं मत एकतर्फी वाटेल, तरी लिहितो.

शुल्क कुणावरही लावा, भरणार शेवटी घर घेणाराच. पुण्यात चौरस फुटामागे पन्नास रुपये वाढले तर गिऱ्हाईक उठून जात नाही. आपल्याकडं पहिल्यांदा घर घेणारा माणूस पंचवीस-पन्नास हजारासाठी सहा महिने थांबतो. यंत्रमागावर काम करणारा किंवा एमआयडीसीत नोकरीला असणारा माणूस कर्ज मंजूर करून येतो तेव्हा त्याच्या हातात वरखर्चाला काही उरलेलं नसतं.

मग माझी मागणी काय? एक, रक्कम पहिल्या दिवशी कळावी, मधेच वाढू नये. दोन, बांधकाम परवान्याच्या वेळी सगळी न घेता भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी घ्यावी, कारण तोवर माणसं राहायलाच आलेली नसतात. तीन, लहान घरांना सूट. एवढं झालं तर माझ्यासारख्याचा विरोध नाही. बाग असेल तर फ्लॅट लवकर जातो, हे मी रोज बघतो.

कुंभारी फाटा

विटावाळू यांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आम्ही विडी घरकुलच्या बाजूचे. आमच्या आयांनी विड्या वळून हप्ते फेडले आणि घर केलं. असल्या घरावर बागेचं शुल्क लावायचं नाही, म्हणजे नाही. कामगारांच्या घरकुलाला बाग सरकारनं द्यावी.

हद्दवाढ९२

पण सूट दिली की बागही मिळणार नाही, त्याचं काय? १९९२ ला हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. तेव्हापासून आमच्या भागात गुंठ्यानं प्लॉट विकले गेले. शेताचा तुकडा, मधून वीस फुटी रस्ता, दोन्हीकडं एक-एक, दोन-दोन गुंठे. लेआउट मंजूर नाही, ओपन स्पेस नाही. नंतर गुंठेवारी कायद्यानं नियमित झालं. २००१ चा कायदा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली. घरं कायदेशीर झाली ही चांगलीच गोष्ट. पण मोकळी जागा कुठून आणणार? आमच्या गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात ती रस्त्यावर, पाण्याचा टँकर आला की डाव थांबतो.

ज्यांच्याकडं बागेची सगळ्यात जास्त टंचाई आहे, त्यांच्याकडून शुल्क सगळ्यात कमी येणार. हा पेच आधी सोडवा.

निवृत्त आरेखक

नगररचनेत आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नवीन शुल्क आणायच्या आधी जुनं बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास शुल्काचं वेगळं प्रकरण आहे, कलम १२४अ पासून. निवासी कामाला जमिनीवर रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या बाजारमूल्य दराच्या) अर्धा टक्का आणि बांधकामावर २ टक्के. हा पैसा वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवरच वापरायचा, असं कायदाच सांगतो. बाग ही सार्वजनिक सुविधाच आहे. म्हणजे शुल्क आहे, त्यातला बागेचा वाटा ठरलेला नाही.

आता पैशात बघा. समजा १००० चौ.मी. चा प्लॉट, रेडी रेकनर १०,००० रुपये चौ.मी., १५०० चौ.मी. बांधकाम, २० सदनिका. जमिनीचे ५०,००० आणि बांधकामाचे ३,००,०००, एकूण साडेतीन लाख. त्यातला पाव हिस्सा बागेला दिला तर ८७,५००. त्या भावानं जागा किती येईल? पावणेनऊ चौ.मी. एक खोली! आणि धागाकर्त्यांच्या हिशोबानं वीस घरांतल्या ८० माणसांना ८०० चौ.मी. पाहिजेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, पैशानं जमीन विकत घेण्याच्या नादाला लागू नका. मोठ्या लेआउटला जमीनच घ्या, त्यात सवलत नको. लहान प्लॉटवाल्याकडून पैसा घ्या आणि तो आधीच ताब्यात असलेल्या मोकळ्या जागा राहत्या करायला वापरा. अक्कांच्या कॉलनीतली जागा फुकट मिळालेली आहे, तिला मोटार आणि माळी पाहिजे. तिथं ८७,५०० ला किंमत आहे.

जुळेकर

काका, हा हिशोब फार कामाचा आहे. पण एक शंका. ४००० च्या खालची जागा सुटते म्हणून लोक मोठ्या शेताचे तुकडे पाडून वेगवेगळ्या नावानं परवाने घेतात. पैसा द्यायचा पर्याय ठेवला तर हे आणखी वाढेल ना?

निवृत्त आरेखक

तुकडे पाडण्याचं कारणच मुळात हे आहे की ३९०० ला जागा सोडायची नाही आणि ४००० ला एकदम १० टक्के. खालच्यालाही प्रमाणात शुल्क बसलं तर तुकडे पाडून काही वाचणार नाही. तुमच्या शुल्काच्या बाजूनं हाच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. धाग्यात तो अजून कुणी मांडला नव्हता म्हणून मी मांडतो.

मिनियापोलिसची सोलापूरकर

माहेर नवी पेठ, सध्या मुक्काम मिनेसोटा. इकडं याच नावाचं शुल्क आहे, ‘पार्क डेडिकेशन फी’, म्हणून लिहायला बसले.

इथल्या राज्याच्या कायद्यात असं आहे की जमिनीचे प्लॉट पाडताना शहर मालकाकडून काही भाग उद्यानासाठी मागू शकतं किंवा त्याऐवजी पैसे घेऊ शकतं. पैसे घेतले तर ते वेगळ्या निधीत ठेवावे लागतात आणि ज्या कारणासाठी घेतले त्यालाच वापरावे लागतात. रोजच्या देखभालीला वापरायला कायद्यानंच मनाई आहे. गवत कापणं, माळ्याचा पगार हे नेहमीच्या करातून. त्यामागचा विचार असा, की नवीन रहिवाशांमुळं जी नवीन गरज तयार झाली तेवढीच त्यांच्याकडून घ्यायची, जुन्या बागेचा कायमचा खर्च त्यांच्या माथी मारायचा नाही.

आणि शुल्क वाट्टेल तेवढं लावता येत नाही. १९९४ मध्ये ओरेगनमधल्या टायगार्ड शहराचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दुकान वाढवायच्या परवानगीसाठी शहरानं दुकानदाराकडं ओढ्याकाठची जागा आणि पायी-सायकल रस्त्यासाठी पट्टा मागितला. न्यायालय म्हणालं, मागणी आणि त्या बांधकामानं पडणारा बोजा यांचं साधारण प्रमाण शहरानं दाखवून द्यायला पाहिजे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात न्यायालयानं हेही सांगितलं की शुल्क कायदा करून सगळ्यांना सरसकट लावलं म्हणून ही कसोटी टळत नाही.

कॅलिफोर्नियात हजार रहिवाशांमागे ३ एकर असं माप आहे. भागून बघितलं तर माणशी १२ चौ.मी. पडतात, धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्याच्या जवळपास तेवढेच.

इथं प्रत्येक बागेत हिरवळ आणि बर्फ! आपल्या किल्ल्याच्या बागेतल्या चिंचेच्या सावलीची सर कशालाच नाही, हे जाता जाता.

कडकभाकरी

ताई, चिंचेचं नाव काढून पाणी सोडलं तोंडाला. जानेवारीत या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जाऊ.

शेळगीची अक्का

मिनियापोलिस ताई, लेख आवडला, पण देखभालीला मनाई हा नियम आपल्याकडं चालणार नाही असं माझं ठाम म्हणणं आहे. आपल्याकडं नवीन वस्तू घ्यायला निधी मिळतो आणि ती चालवायला मिळत नाही, हेच तर दुखणं आहे. खेळणी येतील, ओपन जिम येईल, उद्घाटन होईल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं वाळून जाईल.

अजून एक. बागेत बायकांसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळी दिवे नसतील तर ती निम्म्या वस्तीची बाग नाही. शुल्कातून पहिली ही दोन कामं व्हावीत.

रोपवाला

पाण्याचं कुणीच बोललं नाही! जिथं घरात चार-पाच दिवसाआड नळ येतो, त्या शहरात लॉन लावायचं डोक्यातून काढून टाका. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला. लॉनला रोज पाणी पाहिजे. कडुनिंब, करंज, चिंच, वड यांना पहिली दोन-तीन वर्षं जगवा, पुढं त्यांची ती बघतात. आळं मोठं करा, वर पाचटाचं आच्छादन टाका, रोप कमरेच्या वर उंचीचं घ्या. एक-दीड फुटाची रोपं वनमहोत्सवाच्या फोटोपुरतीच टिकतात, शेळ्या सोडत नाहीत.

म्हणून देखभालीच्या वादावर माझा तोडगा. पहिल्या तीन वर्षांची निगा ही बाग उभी करण्याचाच भाग धरा. तीन वर्षं पाणी दिल्याशिवाय झाड ‘लावलं’ असं म्हणायचंच नाही. त्यानंतरचा खर्च नेहमीच्या अंदाजपत्रकातून, शिवाय १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्षकर आहेच. असं केलं तर अक्कांचंही राहतं आणि मिनियापोलिस ताईंचंही.

शेळगीची अक्का

हे पटलं. तीन वर्षं मान्य.

वकील_सातरस्ता

कायद्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. धागाकर्ते म्हणतात तसं सदनिकेमागे शुल्क महापालिकेनं नुसता ठराव करून लावता येणार नाही. १९९२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की कायद्यात स्पष्ट अधिकार नसेल तर असं शुल्क वसूल करता येत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी. उद्या कुणी उच्च न्यायालयात गेला तर गोळा केलेला पैसा व्याजासकट परत करायची वेळ येईल. त्यामुळं दोनच रस्ते: राज्य सरकारनं अधिनियमात किंवा नियमावलीत बदल करावा, किंवा आरेखक काकांनी सांगितलं तसं आत्ताच्या विकास शुल्कातला वाटा बागेला बांधून द्यावा. दुसरा रस्ता स्थानिक पातळीवर अंदाजपत्रकातून लगेच करता येण्यासारखा आहे.

आरक्षणाबद्दलही सांगतो, कारण खरी मोठी जागा तिथं जाते. विकास आराखड्यात ‘बगीचा’ म्हणून आरक्षण टाकलेली खासगी जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण संपतं. मालकाचंही चुकत नाही, बिचाऱ्यानं किती वर्षं अडकून पडायचं? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. एवढे पैसे कुठल्या नगरपालिकेकडं रोख पडून असतात?

विटावाळू

वकीलसाहेब, तिथं रोखीऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देता येतो. मात्र टीडीआर विकत घेणारा पाहिजे. जिथं उंच इमारतींना मागणी आहे तिथंच तो खपतो. शहराच्या कडेच्या जमिनीवाल्याला कागद देऊन काय उपयोग?

पूर्वभाग_पोरगा

माझा प्रश्न साधा आहे. होटगी रोड, विजापूर रोडला रेडी रेकनर जास्त, तिकडं टॉवर होतात. तिथला पैसा तिथंच खर्च करायचा म्हटलं तर तिकडं चकाचक बागा आणि आमच्याकडं यंत्रमागाचा खडखडाट. नीलम नगरला, विडी घरकुलला काय? आमच्याकडं घरात चार माग आणि दहा माणसं. बागेची गरज कुणाला जास्त आहे हे एकदा दुपारी येऊन बघा. म्हातारी माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात कारण घरात आवाजानं बसवत नाही.

जुळेकर

पूर्वभाग, हद्दवाढ९२, तुम्हा दोघांचा मुद्दा एकच आहे आणि रात्रभर त्यावर विचार केला. ‘त्याच भागात खर्च’ ही माझी अट मी का घातली होती? इथल्या लोकांचा पैसा दुसरीकडं कुठं तरी गडप होऊ नये म्हणून. पण ती अट तशीच ठेवली तर ज्या वस्तीत बांधकामच होत नाही तिथं कधीच बाग होणार नाही.

म्हणून असं केलं तर? नवीन शुल्काचा आग्रह सोडतो. सदनिकांच्या बांधकामातून येणाऱ्या विकास शुल्कातला बागेचा वाटा दोन भागांत. अर्धा जिथं बांधकाम झालं त्याच्या पायी जाण्याच्या अंतरातल्या बागेला. उरलेला अर्धा सगळ्या शहराच्या सामाईक खात्यात, आणि त्यातून ज्या प्रभागात माणशी मोकळी जागा सगळ्यात कमी, तिथं आधी. प्रभागवार आकडा दरवर्षी जाहीर करायचा, म्हणजे भांडायला कागद मिळेल.

मिनियापोलिसची सोलापूरकर

इकडच्या कसोटीत हे अवघड गेलं असतं, कारण दूरच्या बागेचा त्या नवीन रहिवाशाला काय उपयोग असं कुणीतरी विचारलं असतं. पण विकास शुल्काचा उद्देशच सगळ्या शहराच्या सुविधा असेल, तर तुमच्याकडं ते बसायला हरकत नाही. वकीलसाहेब?

वकील_सातरस्ता

बसतं. विकास निधी महापालिका क्षेत्रातल्या सुविधांसाठी आहे, इमारतीच्या दारातल्या सुविधांसाठी नाही.

कुंभारी फाटा

मग लहान घरांना सूट राहिली ना?

जुळेकर

राहिली. कामगार घरकुल आणि अल्प उत्पन्न गटाची घरं पूर्ण वगळून. नवीन शुल्कच नाही म्हटल्यावर तुमच्यावर जादा एक रुपयाही येत नाही.

हद्दवाढ९२

गुंठेवारीत मोकळी जागा नाहीच, तिथं सामाईक खात्यातला पैसा आला तरी बाग कशावर करणार? मला वाटतं शाळांची मैदानं संध्याकाळी आणि रविवारी उघडी करावीत. नाल्याच्या काठची सरकारी पट्टी असते, तिथं नुसती झाडं आणि चालायला मातीची वाट एवढं केलं तरी चालेल. बाग म्हणजे कमान, कारंजं आणि तिकीट खिडकी असा आग्रह सोडू या.

रोपवाला

नाल्याकाठची झाडं सगळ्यात लवकर लागतात. पाण्याचा खर्च निम्मा. जोरदार अनुमोदन.

गावठाण_गल्ली

मैदानाचा विषय निघाला म्हणून विचारतो, होम मैदान हिशोबात धरायचं का? यात्रेत लाखो माणसं मावतात तिथं.

निवृत्त आरेखक

मैदान वेगळं, बाग वेगळी. आकडा लिहिताना दोन्ही वेगळे दाखवावेत. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव यांचं पाणीही मोकळ्या जागेत धरून आकडा फुगवू नये. काठावरची चालण्याजोगी जमीन तेवढी धरावी.

शेळगीची अक्का

सगळं चांगलं ठरलं. पण माझ्या ओपन स्पेसच्या एका कोपऱ्यात आता सभामंडपाच्या नावानं खांब उभे राहू लागलेत. हे थांबवता येतं का? की बागेचा निधी येईपर्यंत जागाच जाईल?

वकील_सातरस्ता

ताई, हे आधी करा. बंगळूरच्या एका बागेची जागा खासगी दवाखान्याला दिली होती. रहिवासीच न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते देणं रद्द ठरवलं. बाग सर्वांच्या आरोग्यासाठी राखलेली असते, ती कुणाला देऊन टाकता येत नाही आणि शेजारच्या रहिवाशाला त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे, असा तो निकाल आहे. तुमची बाजू भक्कम आहे.

कृती सांगतो. मंजूर लेआउटची शिक्क्याची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा आहे. अर्जात तीन गोष्टी विचारा: ओपन स्पेसचं मंजूर क्षेत्रफळ आणि चतुःसीमा, त्या जागेवर कोणत्या बांधकामाला परवानगी दिली आहे, आणि तिच्या सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर सध्या कुणाचं नाव आहे. नावाचा उतारा ऑनलाइनही निघतो, तो आजच काढा. खांबांचे तारीख दिसेल असे फोटो घ्या. कॉलनीतल्या दहा-बारा घरांच्या सह्यांचा अर्ज प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या. स्लॅब पडायच्या आत ही पोच हातात पाहिजे.

शेळगीची अक्का

उतारा काढला आत्ता. नाव अजून मूळ जमीनमालकाचं आहे! सह्या आज संध्याकाळी गोळा करते.

निवृत्त आरेखक

मूळ मालकाचं नाव राहिलं असेल तर अर्जात चौथी ओळ घाला. लेआउट मंजूर करताना ओपन स्पेसबद्दल विकासकानं दिलेल्या हमीपत्राची प्रत मागा. लेआउटचा नकाशा मिळाला की मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मोजमाप बघून देतो.